मुद्रित भागांचा मोटरचालित गिंबल : समतोल, ताठरता आणि नियंत्रण

हातात धरलेल्या कॅमेऱ्याने चालता चालता घेतलेले चलच्चित्र पडद्यावर थरथरते. ही थरथर घालवणारे गिंबल नावाचे साधन आता बाजारात सहज मिळते. तथापि विद्यापीठीय विभागाच्या कार्यशाळेत, थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लॅस्टिकचे भाग, तीन लहान मोटरी आणि एक संवेदक एवढ्या सामग्रीतून ते घरचे घरी उभे करणेही शक्य झाले आहे. अशा गिंबलाची रचना कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या साधनाविषयी एक समजूत सर्वत्र आढळते. ती अशी की, कॅमेरा हलू लागला की मोटर त्याला पकडून ठेवते, आणि म्हणून मोटर जितकी जोरदार व नियंत्रण जितके आक्रमक, तितके चित्र स्थिर. ही समजूत बरोबर नाही. चांगल्या गिंबलात कॅमेऱ्याला स्थिर राखण्याचे मुख्य कार्य त्याचे स्वतःचे जडत्वच करीत असते. मोटरीकडे केवळ घर्षणाची व उरल्यासुरल्या असमतोलाची भरपाई करण्याचे काम असते. हा भेद ध्यानी न घेता बांधलेला गिंबल थरथरतो, तापतो, आणि बांधणारा मात्र नियंत्रणाचे गुणांक वाढवीत बसतो. यास्तव प्रथम यंत्ररचना आणि मग नियंत्रण, हाच क्रम या लेखात ठेवला आहे.

जुना गिंबल आणि नवा गिंबल

एकात एक बसवलेल्या, परस्परांशी काटकोनात फिरणाऱ्या कड्यांची कल्पना फार प्राचीन आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील बायझँटियमच्या फिलोच्या नावावर असलेल्या ग्रंथात अशा कड्यांत टांगलेल्या दौतीचे वर्णन आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो यांनी या योजनेचे वर्णन केल्यामुळे तिला पुढे त्यांचे नाव मिळाले. जहाजावरील होकायंत्रही अशाच कड्यांत टांगलेले असते. जहाज कितीही डोलले तरी होकायंत्राची वाटी आडवी राहते. याचे कारण तिचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षांच्या खाली ठेवलेला असतो. म्हणजे जुना गिंबल आपली उभी दिशा वजनापासून शिकतो.

ही योजना कॅमेऱ्याला चालत नाही. अक्षाखाली वजन असलेली वस्तू हा वस्तुतः लंबकच होय, आणि लंबकाला गुरुत्वाकर्षण व आधाराचा प्रवेग यांतील फरक कळत नाही. हात आडव्या दिशेने सेकंदास सेकंदाला २ मीटर इतक्या प्रवेगाने सरकला, तर लंबकाची समतोल स्थिती सुमारे ११.५ अंशांनी कलते, आणि हात थांबल्यावरही लंबक झुलत राहतो. चालणाऱ्या माणसाच्या हाताचा प्रवेग तर सतत बदलत असतो.

यास्तव मोटरचालित गिंबलाने नेमकी उलट वाट धरली. त्यात कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षांच्या खाली अथवा वर न ठेवता अक्षांवरच आणला जातो. अशा स्थितीत कॅमेरा ज्या कोनात सोडावा त्याच कोनात राहतो. याला उदासीन समतोल म्हणतात. उदासीन समतोलात असलेल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाचे परिबल, म्हणजे ती फिरवू पाहणारी पीळशक्ती, शून्य असते. विशेष महत्त्वाची गोष्ट अशी की, आधाराच्या सरळ रेषेतील कोणत्याही प्रवेगाचे परिबलही त्याच कारणाने शून्य होते. एकाच उपायाने दोन उपद्रव नाहीसे होतात. मात्र वजनाचा आधार सोडल्यामुळे उभी दिशा कोणती हे यंत्राला आता अन्य मार्गाने कळवावे लागते. तेवढ्यासाठीच संवेदक आणि मोटर यांची गरज पडते.

१९७५ साली गॅरेट ब्राउन यांनी तयार केलेले स्टेडिकॅम हे या दोन टोकांमधील साधन म्हणता येईल. त्यात मोटर नव्हती. वजने दूर दूर पसरून जडत्व वाढवणे, गुरुत्वमध्य गिंबलाच्या अगदी निकट पण किंचित खाली ठेवणे, आणि सर्व भार स्प्रिंगच्या बाहूवर तोलणे, अशी त्याची योजना होती. १९७६ च्या ‘रॉकी’ या चित्रपटात त्याचा उपयोग झाला. संवेदक व मोटरी यांवर चालणारे, हातात धरावयाचे गिंबल २०१३ च्या सुमारास व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हाती येऊ लागले. प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर देण्याच्या मुद्रणपद्धतीचे स्कॉट क्रंप यांचे मूळ एकस्व २००९ साली संपले होते, आणि बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ साली सुरू केलेल्या रेपरॅप प्रकल्पामुळे स्वस्त प्रिंटरांचे आराखडे सर्वांस खुले झाले होते. अशा रीतीने दोन्ही प्रवाह एकत्र आल्यामुळे घरगुती गिंबल शक्य झाला.

कोणती हालचाल अधिक बाधते?

कॅमेऱ्याची हालचाल दोन प्रकारची असते : सरकण्याची आणि वळण्याची. समजा, आडवे ६० अंशांचे दृश्य १९२० चित्रबिंदूंवर पडत आहे. गणिताने असे दिसते की, कॅमेरा केवळ १ अंश वळला तर मध्यभागाजवळची प्रतिमा सुमारे २९ चित्रबिंदूंनी सरकते. उलट कॅमेरा १ सेंटिमीटर बाजूला सरकला तर ५ मीटर दूरच्या वस्तूची प्रतिमा अवघ्या ३.३ चित्रबिंदूंनी सरकते. वस्तू जितकी दूर तितका हा दुसरा आकडा लहान होतो, पहिला मात्र तसाच राहतो. म्हणून गिंबलाने वळण्याचा बंदोबस्त केला की बहुतांश थरथर जाते. पावलागणिक होणारी खालीवर हालचाल मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. त्यासाठी स्प्रिंगचा बाहू, किंवा गुडघे वाकवून चालण्याचा सराव, हेच उपाय होत.

तीन अक्षांचा क्रम हँडलापासून कॅमेऱ्याकडे असा ठेवतात : प्रथम डावी-उजवीकडे वळण्याचा, मग क्षितिजरेषा कलती-सरळ करण्याचा, आणि शेवटी वर-खाली पाहण्याचा. या क्रमास कारण आहे. तीन अक्षांच्या कोणत्याही रचनेत मधला सांधा ९० अंश वळला की पहिला व तिसरा अक्ष एका रेषेत येतात आणि एक स्वातंत्र्य गमावले जाते. क्षितिज ९० अंश कलते करण्याचा प्रसंग क्वचितच येत असल्यामुळे तो अक्ष मध्ये ठेवणे श्रेयस्कर ठरते. कॅमेरा सरळ खाली रोखला तरी या रचनेत अडचण येत नाही.

असमतोलाची किंमत

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. कॅमेऱ्याचे वस्तुमान ३५० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून ५ मिलिमीटर दूर राहिला आहे, असे समजा. त्यामुळे उत्पन्न होणारे परिबल सुमारे ०.०१७ न्यूटन-मीटर होते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण तो मोटरीच्या क्षमतेशी ताडून पाहिला पाहिजे.

गिंबलाच्या मोटरी ब्रश नसलेल्या, त्रिकला प्रवाहावर चालणाऱ्या असतात. विमानाच्या प्रतिकृतींतील मोटरींहून त्यांत फरक एवढाच की, त्यांची वेटोळी बारीक तारेची व पुष्कळ वेढ्यांची असतात. त्यामुळे त्या जलद फिरत नाहीत, पण थोड्या प्रवाहात अधिक परिबल देतात. उदाहरणादाखल एक व्होल्टास मिनिटाला ८० फेरे आणि १२ ओहम रोध असलेली मोटर घेऊ. तिचे परिबल एका अँपिअरला सुमारे ०.१२ न्यूटन-मीटर होते. ०.५ अँपिअर प्रवाहात ते ०.०६ होईल, पण त्या वेळी वेटोळ्यांत ३ वॉट उष्णता निर्माण होईल. प्रवाह ०.२ अँपिअरवर आणला तर परिबल ०.०२४ होईल आणि उष्णता अर्ध्या वॉटहूनही कमी. परिबल प्रवाहाच्या प्रमाणात घटते, उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, हे येथे लक्षात ठेवावे. साध्या नियंत्रकांत मोटरीवर भार असो वा नसो, प्रवाह ठरावीकच ठेवलेला असतो. म्हणून तो जितका कमी ठेवता येईल तितका बरा.

परंतु ०.२ अँपिअरवर वरील असमतोल चालेल काय? गुरुत्वाचे ०.०१७ न्यूटन-मीटर आधीच खर्ची पडले आहेत. त्यात हाताला ५ मीटर प्रतिसेकंदवर्ग इतका हिसका बसला, तर त्याच ५ मिलिमीटर अंतरामुळे आणखी सुमारे ०.००९ न्यूटन-मीटरची भर पडते. बेरीज ०.०२६ होते, म्हणजे मोटरीच्या क्षमतेच्या पलीकडे जाते. अशा वेळी काय घडते ते पाहणे उद्‌बोधक आहे. १४ चुंबकांच्या मोटरीत ध्रुवांच्या ७ जोड्या असतात, आणि मोटरीचे परिबल विद्युत् कोनाच्या ज्येच्या प्रमाणात बदलते. प्रत्यक्ष कोनाचा ७ पट म्हणजे विद्युत् कोन. तो ९० अंश झाला की, म्हणजे कॅमेरा प्रत्यक्षात १३ अंशांच्या आसपास मागे पडला की, परिबल कमाल होते. त्याही पुढे ढकलला गेल्यास मोटर पकड सोडते आणि सुमारे ५१ अंशांवरील पुढच्या स्थिर स्थानी उडी मारते. नवशिक्यांचा कॅमेरा एकाएकी झटका देऊन वाकडा होतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. गुरुत्वमध्य अर्ध्या मिलिमीटरवर आणला तर हीच बेरीज ०.००२६ वर येते, आणि अल्प प्रवाहातही दहापट शिल्लक राहते.

समतोल साधण्याची रीत सोपी आहे, पण क्रम पाळला पाहिजे. वीज बंद ठेवून प्रथम कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळचा, वर-खाली पाहण्याचा अक्ष घ्यावा. भिंग आडवे धरून सोडल्यावर ते खाली झुकले तर कॅमेरा मागे सरकवावा. नंतर भिंग आकाशाकडे करून सोडावे आणि ते कोणत्या बाजूस पडते ते पाहून कॅमेऱ्याची उंची बदलावी. दोन्ही कसोट्या उतरल्याखेरीज पुढच्या अक्षाकडे जाऊ नये. मधल्या अक्षाचीही अशीच परीक्षा करावी. वळण्याच्या अक्षासाठी हँडल कलते धरून पाहावे लागते, कारण उभ्या अक्षावरचा असमतोल हँडल सरळ असताना दिसतच नाही. या सर्व सरकवण्यांसाठी आराखड्यातच गोल छिद्रांऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात. सांध्यांवरून जाणाऱ्या ताठ तारा स्प्रिंगसारख्या वागतात आणि साधलेला समतोल बिघडवतात. म्हणून त्या पातळ, लवचिक सिलिकोन आवरणाच्या असाव्यात आणि शक्य तितक्या अक्षाजवळून न्याव्यात.

मुद्रित भागांची ताठरता

प्लॅस्टिकचे मुद्रित भाग धातूच्या मानाने दुबळे, म्हणून या कामास अयोग्य, असे मत ऐकू येते. ते तपासून पाहू. मुद्रणासाठी प्रचलित असलेल्या पीएलए प्लॅस्टिकचा यंग गुणांक सुमारे ३ गिगापास्कल आहे, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ६९. म्हणजे फरक २३ पट झाला. पण वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. यास्तव जाडी २.८५ पट केली की प्लॅस्टिकची पट्टी ॲल्युमिनियमइतकीच ताठ होते. पीएलएची घनता १.२४, ॲल्युमिनियमची २.७. हिशेब केल्यास त्या जाड पट्टीचे वजन धातूच्या पट्टीहून केवळ तीस टक्क्यांच्या आसपास अधिक भरते. तेव्हा दोष प्लॅस्टिकचा नसून, धातूच्या आराखड्याची जाडी जशीच्या तशी प्लॅस्टिकमध्ये उतरवण्याचा आहे.

ताठरतेचे महत्त्व कंप्रतेच्या द्वारे दिसून येते. १०० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड अशा भरीव पीएलए बाहूच्या टोकास ४०० ग्रॅमचा भार असेल, तर त्याची स्वाभाविक कंप्रता सेकंदाला सुमारे ११ आवर्तने येते. माणसाच्या हाताचा नैसर्गिक कंप सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांचा असतो. म्हणजे हा बाहू हाताचा कंप शमवण्याऐवजी अनुस्पंदनाने वाढवील! जाडी १० मिलिमीटर केली की कंप्रता ३१ च्या जवळ जाते आणि धोका टळतो. जाडी कायम ठेवून लांबी निम्मी केली तरी तितकाच लाभ होतो. म्हणून बाहू आखूड व जाड असावेत, आणि ते कॅमेऱ्याच्या आकाराबरहुकूम आखावेत.

मुद्रणाची दिशाही विचारात घ्यावी लागते. थरांमधील जोड थराच्या आतील पदार्थापेक्षा कमकुवत असतो. काटकोनी बाहू उभा मुद्रित केला तर कोपऱ्यावरचा ताण नेमका थरांच्या जोडांवर येतो आणि बाहू तेथेच तडकतो. तोच आडवा निजवून मुद्रित केला तर प्रत्येक थर कोपऱ्यावरून अखंड वळतो. वाकण्याचा भार मुख्यतः बाहेरचे कवच वाहते. म्हणून आतील जाळीची घनता वाढवण्यापेक्षा बाह्य भिंतींचे वेढे वाढवणे अधिक फलदायी असते.

पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो. तापलेल्या मोटरीची बैठक त्यापासून केली असेल तर ती हळूहळू वाकते, आणि अक्ष वाकला की समतोलही जातो. आपल्याकडील उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेल्या साधनाचीही तीच गत होण्याचा संभव असतो. मोटरीच्या बैठकी पीईटीजीच्या कराव्यात, कारण ते सुमारे ८० अंशांपर्यंत टिकाव धरते. प्रवाह कमी ठेवण्याचे जे कारण वर दिले, त्याला येथे दुसरे कारण येऊन मिळते.

संवेदकाची द्विधा अवस्था

कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवलेल्या संवेदकात दोन मापके असतात. एमपीयू-६०५० हा त्यांतील सुपरिचित प्रकार होय. त्यातील जायरोस्कोप कोनीय वेग मोजतो, तर प्रवेगमापक गुरुत्वाची दिशा दाखवतो. जायरोस्कोपचे मापन तत्पर असते, पण शून्यावर नेमके बसत नाही. सेकंदाला ०.०५ अंशाची शून्यचूक असेल तर मिनिटभरात ३ अंशांची फसवणूक होते. प्रवेगमापक कालांतराने बहकत नाही. मात्र तो अखेर लंबकाचाच भाऊ आहे. गुरुत्व आणि प्रवेग यांतील भेद त्यालाही कळत नाही. वजनाला यंत्ररचनेतून घालवून दिले, तरी ते संवेदकाच्या वाटेने पुन्हा आत येते!

यावरील तोडगा असा की, अल्पकाळात जायरोस्कोपवर आणि दीर्घकाळात प्रवेगमापकावर विश्वास ठेवावा. दर २ मिलिसेकंदांनी नव्या कोनाचे ०.९९८ भाग जायरोस्कोपकडून व ०.००२ भाग प्रवेगमापकाकडून घेतले, तर विश्वासबदलाचा काळ सुमारे १ सेकंद होतो. हा काळ किती असावा? समजा, छायाचित्रकार १० मीटर त्रिज्येच्या वळणावरून सेकंदाला ३ मीटर वेगाने धावत आहे. केंद्रगामी प्रवेग ०.९ मीटर प्रतिसेकंदवर्ग होतो आणि प्रवेगमापक क्षितिज ५.२ अंश कलते दाखवतो. अर्धे वर्तुळ धावण्यास साडेदहा सेकंद लागतात. विश्वासकाळ १ सेकंद असल्यास चूक जवळजवळ पूर्ण उतरते, तर २० सेकंद असल्यास ती २.१ अंशांवर थांबते. पण काळ वाढवला की दुसरी चूक वाढते. शून्यचूक गुणिले विश्वासकाळ इतकी ती स्थायी राहते, म्हणजे वरील उदाहरणात १ अंश.

या पेचातून सुटण्याचा मार्ग गणितात नाही, वापरण्याच्या रीतीत आहे. यंत्र सुरू करताना ते काही सेकंद अगदी निश्चल ठेवून जायरोस्कोपची शून्यचूक मोजून वजा केली आणि ती ०.०१ वर आली, तर २० सेकंदांच्या विश्वासकाळातही स्थायी चूक ०.२ अंशच राहते. तापमानाबरोबर शून्यचूक बदलते, म्हणून यंत्र बाहेरच्या हवेस सरावल्यावरच हे मोजमाप करावे. उभ्या अक्षाभोवतीचे वळणे प्रवेगमापकाला मुळीच दिसत नसल्याने डाव्या-उजव्या दिशेचा कोन मात्र दीर्घकाळात सरकतच राहतो. बहुधा हँडलाच्या मागोमाग हळू वळण्याची सोय ठेवून त्यावर पडदा टाकला जातो.

नियंत्रण

नियंत्रणाची रीत या क्षेत्रातील बहुतेकांस परिचित अशी त्रिपदी आहे : चुकीच्या प्रमाणात, चुकीच्या साठत गेलेल्या बेरजेच्या प्रमाणात, आणि चूक बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात मोटरीला आज्ञा देणे. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूसंबंधी लिहिलेल्या निबंधात हिचे सैद्धांतिक विवेचन केले आहे. होकायंत्र आणि सुकाणू या दोन्ही वाटांनी गिंबलाचे कुळ अशा रीतीने जहाजाशी जाऊन भिडते.

पहिले पद वाढवावे तसतसा प्रतिसाद तत्पर होतो, आणि एका मर्यादेनंतर कॅमेरा गुणगुणू लागतो. ती मर्यादा कोण ठरवते? मुख्यतः बाहूची स्वाभाविक कंप्रता. ११ आवर्तनांच्या बाहूवर ही मर्यादा इतक्या लवकर येते की हाताचा कंप शमवण्यास अवकाशच उरत नाही. ३१ आवर्तनांच्या बाहूवर तोच नियंत्रक, तीच मोटर, पुष्कळ पुढे जाऊ शकते. त्याचप्रमाणे दुसऱ्या पदाचे काम स्थायी असमतोल पेलण्याचे असल्यामुळे, समतोल चांगला साधला की ते नाममात्र ठेवता येते. सारांश, नियंत्रकाच्या प्रत्येक गुणांकाची योग्य किंमत यंत्ररचनेनेच आधी ठरवून दिलेली असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे साधन बांधण्यास घेतल्यास पुढील कसोटी लावावी. मोटरींची वीज तोडून हँडल हळू हळू फिरवावे. घर्षणामुळे कॅमेरा थोडा मागोमाग येईल, पण कोणत्याही एका बाजूस पडणार नाही, अशी स्थिती आली तरच वीज जोडावी. पडत असेल तर खाचांतील स्क्रू सैल करून कॅमेरा सरकवावा. गुणगुणत असेल तर बाहू जाड करून पुन्हा मुद्रित करावा. क्षितिज कलत असेल तर संवेदकाची शून्यचूक पुन्हा मोजावी. गुणांकांना हात घालण्याची वेळ या सर्वांनंतर येते, आणि तोवर त्यांत बदल करण्याजोगे फारसे उरलेले नसते. वजन, ताठरता आणि मापन यांतील प्रत्येक दोष आपापल्या उगमापाशीच दूर करता येतो. तो पुढे जाऊ दिला, तर अधिक शक्तीच्या मोटरीने अथवा अधिक चतुर गणिताने फक्त झाकला जातो.